आजोबांच्या ग्रामोफोनचं साल

चावीचा ग्रामोफोन माझ्यापुढे ठेवा आणि माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा. नुसता हात फिरवून सांगतो तो कोणत्या काळातला ते! बायकोचं वय चुकेल, पण ग्रामोफोनचं चुकणार नाही.

फुशारकी वाटली? वाटू दे. ज्यांना वाटली त्यांनी आपल्या दिवाणखान्यातलं ते पितळी भोंग्याचं खेळणं घेऊन यावं, म्हणजे त्यांनाही दोन शब्द ऐकवतो. अहो, हॉटेलांच्या दारात आणि पैसेवाल्यांच्या घरात जो सोन्यासारखा चकाकणारा भोंगा दिसतो ना, तो बहुतेक वेळा परवा-तेरवा ठोकून काढलेला असतो! मोडीतलं मशीन, नव्या लाकडाचा खोका आणि वर पितळेचं धोत्र्याचं फूल. गाढवावर झूल टाकली की झाला हत्ती! आणि ते विकत घेणारे दोन-दोन पदव्यांचे लोक वर मलाच सांगतात, "आमच्याकडे अँटिक आहे हं!" कसलं डोंबलाचं अँटिक!

मी बोलतोय ते खऱ्या पेट्यांबद्दल. सुटकेससारखी दिसणारी, कडी धरून कुठेही नेता येणारी पेटी. भोंगा बाहेर नाही, आतच लपवलेला. झाकण उघडायचं, चावी भरायची, पिन टेकवायची आणि कुणीतरी कधीच मेलेला माणूस खोलीत गायला लागतो. मी हे कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. मी पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून आहे. दिवसभर लोकांची बोलणी खातो, संध्याकाळी पेट्या उघडतो. उघडून, बिघडवून, बोटं चेचून घेऊन शिकलो.

शास्त्र सोपं आहे. चावी पुढून भरायची असेल तर पेटी आधीची, उजव्या कुशीतून असेल तर नंतरची. कोपऱ्यांच्या पट्ट्या पिवळसर, मऊ चकाकीच्या असतील तर निकेल, म्हणजे आधीच्या. थंड, निळसर, आरशासारख्या असतील तर क्रोम, म्हणजे नंतरच्या. साउंडबॉक्सात, म्हणजे पिन धरणाऱ्या गोल डबीत, अभ्रकाचा पडदा असेल तर जुना, ॲल्युमिनियमचा असेल तर त्याच्या मागून आलेला. मेख एवढीच की लोक सुटे भाग बदलतात, आजोबाच्या धडाला नातवाचं डोकं लावतात. म्हणून एका खुणेवर भुलायचं नाही. नीट बघायचं. यंत्र खोटं बोलत नाही, माणसं बोलतात!

हे सगळं सांगायचं कारण आमची आत्या आणि आमचा काका.

ही दोघं सख्खी भावंडं. माझे वडील थोरले, आत्या मधली, काका धाकटा. वडील गेले. उरली ही दोघं, आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. माझी मुंज होऊन मला टक्कल पडेपर्यंत बोलत नव्हती! कारण काय, तर आजोबांचा ग्रामोफोन. आजी-आजोबा गेल्यावर जुनं घर रिकामं केलं, तेव्हा सगळं सापडलं. पाटा सापडला, फुटकी बादली सापडली, आजोबांची कवळी सापडली. ग्रामोफोन सापडला नाही. आत्या म्हणाली, धाकट्यानं विकून खाल्ला. काका म्हणाला, आक्कानं सासरी पळवला. झालं! दोन्ही घरांतलं येणं-जाणं बंद.

माझ्या वडिलांपुढे दोघांनी आळीपाळीनं गाऱ्हाणं घातलं. ते दर वेळी वैतागून म्हणायचे, "कसला ग्रामोफोन घेऊन बसलात!" आणि पेपर उघडायचे. त्यावर आत्या म्हणायची, दादा धाकट्याला पाठीशी घालतो. काका म्हणायचा, दादा आक्काला पाठीशी घालतो. वडील दोन्हीकडून वाईट झाले आणि तसेच वर गेले.

आता आत्या लेकीकडे राहायला चालली होती. समुद्रापलीकडे, कायमची. वयाची ऐंशी जवळ आलेली बाई परत थोडीच येणार? आणि काका तरी किती दिवस पुरणार, त्याला जिना चढताना तीनदा बसावं लागतं. म्हणजे आता बोलले तर बोलले. नाहीतर एकाला दुसऱ्याची बातमी फोनवरूनच कळणार, आणि ती कुठली बातमी असणार हे सांगायला नको.

मी ठरवलं, हे आपणच मिटवायचं. माझी योजना अशी होती. घराण्याचा एक जुना फोटो आहे, तिन्ही घरांत लावलेला. आजोबा खुर्चीत, आजी बाजूला, मागे बाबा, पुढे दोन वेण्यांची आत्या, हाफपँटमधला काका, आणि मधोमध तिपाईवर झाकण उघडलेला तो ग्रामोफोन! काकाचा हात चावीवर. फोटोवरून पेटी ओळखायची, तशीच्या तशी पेटी हुडकायची, दोघांना एका खोलीत बसवायचं आणि झाकण उघडायचं. गाणं लागेल, डोळे भरतील, "आक्का!" "धाकट्या!" खेळ खलास.

"तुम्ही यात पडू नका," बायको म्हणाली.

"का?"

"तुम्ही ज्यात पडता त्यात शेवटी मलाच उतरावं लागतं."

दुर्लक्ष केलं. घराघरांतल्या तज्ज्ञांचं हेच तर दुर्दैव!

फोटो काचेतून काढला आणि भिंग घेऊन बसलो. चावी पुढच्या बाजूला, म्हणजे आधीच्या काळातली पेटी. कोपऱ्याच्या पट्ट्या निकेलच्या. काळ्यापांढऱ्या फोटोत निकेल कसं ओळखलं, असं बायकोनं विचारलं. तिला म्हटलं, त्याला नजर लागते. पुढच्या डाव्या कोपऱ्याची पट्टी उडालेली. चावीची लाकडी मूठ गेलेली आणि तिच्या जागी चक्क दोऱ्याचं रिकामं रीळ बसवलेलं! केवढी काटकसर! आणि सगळ्यांत मोठा शोध म्हणजे आडव्या नळीच्या टोकाला साउंडबॉक्सच नव्हता. पिन जिथे बसते, आवाज जिथे जन्मतो तो भागच गायब.

"मग तो वाजणार कसा?" बायको.

"अगं, वाजवताना लावायचा! आजोबा किती काटेकोर होते बघ. वापरून झालं की साउंडबॉक्स काढून पुसून ठेवत असणार. आज आहेत का अशी माणसं?"

माझे डोळे पाणावले. खरंच सांगतो. मी आजोबांना पाहिलं नव्हतं, पण त्या रिकाम्या नळीत मला आख्खे आजोबा दिसले.

मग जुन्या वस्तूंच्या बाजारात खेटे सुरू केले. तिथला दुकानदार म्हणजे एक नंबरचा लबाड! हातातल्या वस्तूचं वय गिऱ्हाइकाच्या बुटांवरून ठरवणारा.

"साहेब, ही बघा. दोनशे वर्षांपूर्वीची, राजघराण्यातली."

"दोनशे वर्षांपूर्वी राजा स्वतःच गात होता," मी म्हणालो. "क्रोमच्या पट्ट्या आहेत हिला. हिच्यापेक्षा माझी सासू जुनी आहे. ती मागची काढ!"

मागची काढली. काळं नकली कातडं, पुढून चावी, निकेलचे कोपरे. फिरत्या चकतीवरचं मखमल उंदरानं चाखलेलं. मी चकती उचलून खाली बघितलं, स्प्रिंगला कान लावला, पेटीचा वास घेतला. जुन्या पेटीला एक वास असतो. तेल, डिंक, लाकूड आणि कुणाच्या तरी माळ्यावरची कितीतरी वर्षं. तो वास आला आणि मी गप्प झालो. दुकानदारानं ते बरोब्बर हेरलं आणि भाव वाढवला. चोर लेकाचा!

पेटी मिळाली. आता माणसं मिळवायची. आणि इथे मी एक छोटीशी युक्ती केली, जिला बायको अजून वेगळं नाव देते.

आत्याला फोन केला. "आत्या, रविवारी ये. काकाला सगळं कबूल करायचंय."

काकाला फोन केला. "काका, रविवारी या. आत्याला सगळं कबूल करायचंय."

काय वाईट केलं मी? दोघं आली तर पाहिजेत ना! शिवाय म्हटलं, जुने फोटो असतील ते घेऊन या. पेटीची दुसरी बाजू कुठे दिसली तर साल पक्कं करता येईल. ही मात्र मोठी चूक झाली.

रविवारी आत्या आली ती एकटी नाही. बरोबर जुन्या आळीतली बालमैत्रीण, रिटायर झालेल्या मास्तरीणबाई. "कबुली द्यायची तर साक्षीदार हवा," आत्या म्हणाली. जिन्यात तीनदा बसून काका आला, तोही एकटा नाही. बरोबर त्याच आळीतला त्याचा दोस्त, टेलरमामा. बापाचं दुकान याच्याकडे, याचं आता मुलाकडे. "साक्षीदार हवा," काका म्हणाला. म्हणजे भावंडं सख्खीच, शंका नको.

दोघं समोरासमोर बसली. आत्या भिंतीकडे बघत, काका पंख्याकडे. आणि दोघंही गालातल्या गालात हसत, समोरच्याच्या कबुलीची वाट बघत!

चहा आला. कुणी बोलेना. शेवटी आत्या म्हणाली, "सूनबाई, त्यांना म्हणावं, लवकर आटपा. मला बॅगा भरायच्यात."

"सूनबाई," काका पंख्याला म्हणाला, "त्यांना म्हणावं, आम्ही ऐकायला आलोय, बोलायला नाही."

"म्हणजे? कबूल तू करणारेस ना?" आत्या विसरून सरळच बोलली, मग जीभ चावली. "सूनबाई, हे तू त्यांना विचार."

"मी? मी काय कबूल करू? कबूल तू... सूनबाई, कबूल त्यांनी करायचंय!"

चार डोळे हळूहळू माझ्याकडे वळले. पाचवा-सहावा बायकोचा. त्यांत जे होतं ते छापण्यासारखं नाही.

"एक मिनिट!" असं म्हणून मी घाईघाईनं चादर ओढली. "बघा!"

पेटी उघडी होती. चावीला मी मुद्दाम दोऱ्याचं रीळ बसवलं होतं. तेवढा कलाकार आहे मी.  आत्याचा हात तोंडाशी गेला. काकाची मान पंख्यावरून खाली आली. आणि मला वाटलं, आता! आता "आक्का", आता "धाकट्या"!

"हा कुठे सापडला?" आत्या कुजबुजली.

"हा तो नाही, आत्या. पण बनावट तीच, साल जवळपास तेच. फोटोवरून शोधून काढलाय मी."

"अय्या!" हा आवाज मास्तरीणबाईंचा. त्या चष्मा पुसत पुढे आल्या. "अगं, हा तर आमच्याकडचा!"

"तुमच्याकडचा?" आत्या.

"म्हणजे अस्साच आमच्याकडे होता! माझ्या सुनांना मी नेहमी सांगते. आमच्याकडे ग्रामोफोन होता, तुमच्याकडे साधा रेडिओ तरी होता का?" त्यांनी पर्समधून फोटो काढला. फोटोत त्यांचे वडील, आई, मांडीवर टोपडं घातलेल्या स्वतः मास्तरीणबाई, आणि तिपाईवर ग्रामोफोन.

मी भिंग घेतलं. चावीला रीळ!

"रीळ?" टेलरमामा ताडकन उठले. "बघू! अहो, रीळ लावलेला ग्रामोफोन आमचा! माझा बाप टेलर होता. आळीत रिळं दुसऱ्या कुणाकडे होती?" त्यांनीही खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून घडी पडलेला फोटो काढला. त्यांचे वडील गळ्यात टेप अडकवून, शेजारी शाळकरी टेलरमामा, आणि तिपाईवर... काय सांगू!

"तुमचा कसा?" काका आपल्याच साक्षीदारावर घसरला. "लहानपणापासून घरात येतोस, कधी बोलला नाहीस!"

"तू तरी कुठे तुमच्याकडचा दाखवलास? आत्ता कळलं का ते! आमचा नाहीसा झाला आणि तुमच्याकडे उगवला!"

"जीभ सांभाळून बोल! माझ्या वडिलांना चोर म्हणतोस?"

"सूनबाई," आत्या फणकारली, "यांना सांग, या बाबतीत मी त्यांच्या बाजूनं आहे. पण बोलणार मात्र नाही!"

"आणि आमचं काय?" मास्तरीणबाई कडाडल्या. त्यांच्या आवाजात अजूनही सगळा वर्ग उभा करायची ताकद होती. "सगळ्यांत आधीचा फोटो आमचा! मी मांडीवर आहे!"

आता या वेळी शहाण्या माणसानं काय केलं असतं? चहा ओतला असता. मी भिंग उचललं! कारण माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला होता. असा पुरावा जन्मात एकदा हाती लागतो हो! एकाच आळीतले तीन फोटो, तीन वेगळी वर्षं. मी तिन्ही फोटो टेबलावर ओळीनं मांडले आणि हात वर करून ओरडलो, "शांत व्हा! निकाल देतो!"

सगळे गप्प झाले. माझ्या शब्दाला असं वजन आमच्या घरात पूर्वी कधी आलं नव्हतं.

"पेटी एकच आहे. शंकाच नको! तेच रीळ, कातड्यावर तोच ओरखडा. आता कोपरा बघा. मास्तरीणबाईंच्या फोटोत पट्टी शाबूत. टेलरमामांच्या फोटोत पट्टी लोंबतेय. आमच्या फोटोत पट्टी उडालेली. म्हणजे क्रम सरळ आहे! पेटी आधी मास्तरीणबाईंकडे, मग टेलरमामांकडे आणि शेवटी..." इथे माझा आवाज थोडा खाली आला, "आमच्याकडे."

"म्हणजे चोर तुमचे आजोबा!" टेलरमामा आणि मास्तरीणबाई एका सुरात.

"आणि आमच्याकडून चोरणारा यांचा बाप!" मास्तरीणबाईंना मागाहून सुचलं.

"गप्प बस रे घरभेद्या!" काका माझ्यावर धावला. धावला म्हणजे खुर्चीतून अर्धा उठला. "सख्ख्या आजोबांना चोर ठरवतोस? आणि ते सुद्धा भिंग लावून!"

"यंत्र खोटं बोलत नाही, काका!"

"मग तुझं यंत्र घाल चुलीत!"

कपबश्या हलल्या. टेलरमामा माझी पेटी उचलून बगलेत मारायला लागले. "आमच्या बदल्यात ही नेतो!" त्यांचं एक टोक काकानं धरलं. म्हणजे पेटीचं. मास्तरीणबाईंनी कडी पकडली. आत्या मधे पडून ओरडत होती, "सूनबाई, त्यांना सांग, सोडू नका म्हणावं!" आणि माझा निकेलचा कोपरा करकरत होता. ज्या दिवशी दोन माणसांना बोलतं करायचं, त्या दिवशी मी चार घरांना कायमचं मुकं करून ठेवत होतो, आणि आत्याला पुढच्याच आठवड्यात विमान होतं!

बायको रिकामे कप गोळा करायला आली. टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं तिनं ते तीन फोटो बघितले, उलटेच. ट्रे तसाच हातात. मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "तुमच्या तिघांच्याही घरी हाच जिना होता का हो?"

"कसला जिना?" मी.

"हा काय मागे. गोल वळलेला. आणि वर कुंडी."

मी भिंग ग्रामोफोनवरून पहिल्यांदाच मागे सरकवलं. मागे एक ऐटदार जिना होता. जिन्यापलीकडे तळं, तळ्यात हंस. तिन्ही फोटोंत तोच जिना, तेच तळं, आणि हंसानं मानसुद्धा हलवली नव्हती. हंसाच्या पोटावरून पडद्याची एक सुरकुती गेली होती.

पेटी हळूच खाली ठेवली गेली.

"आमच्या दोन खोल्या होत्या," काका म्हणाला. "जिना कुठला?"

"आमच्याकडे तळंही नव्हतं," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मटकन बसल्या.

"फोटोवाला," आत्या म्हणाली. ती आता भिंतीकडे बघत नव्हती. "कोपऱ्यावरचा. बुटका. काळ्या कापडात डोकं घालायचा तो."

"पोरांना म्हणायचा, वाद्याला हात लावून उभे राहा, हलू नका," टेलरमामा सावकाश बोलायला लागले, जणू सुईत दोरा ओवताहेत. "फोटो झाला की गाणं लावतो म्हणायचा."

"कधीच लावलं नाही मेल्यानं!" आत्या म्हणाली. "मी श्वास धरून उभी होते. फोटो झाला, तर म्हणाला, चला, पुढचे या!"

लावणार कसं? साउंडबॉक्सच नव्हता! ती काटेकोरपणे पुसून ठेवणारी माझ्या आजोबांची बोटं, ती काटकसर, ते पाणावलेले डोळे... सगळं गेलं त्या बुटक्याच्या मोडक्या सामानात. आणि मला एकदम बाबा आठवले. पेपरामागचे. कसला ग्रामोफोन घेऊन बसलात! तिघांत तेच मोठे होते. त्यांना सरळ सरळ माहीत होतं, आणि ते सरळ सरळ सांगत होते, आणि कुणाच्याही कानात ते शिरलं नव्हतं.

टेलरमामांनी फोटो पाकिटात ठेवला. "बायकोला काय सांगू आता?" ते म्हणाले.

"काही सांगू नका," मास्तरीणबाईंनी बजावलं. "मी सुनांना सांगणार नाहीये." आणि दोघं साक्षीदार, आल्याहून बरेच हळू, जिना उतरून गेली.

राहिली दोघं भावंडं. भांडण कशावर उभं होतं, तर एका पडद्यावर! मला वाटलं, आता तरी हसतील. पण हसली नाहीत. दोघांची तोंडं उतरली होती, घरात पुन्हा कुणी गेल्यासारखी. आणि खरंच, काहीतरी गेलंच होतं. इतकी वर्षं जे हरवलं म्हणून भांडली, ते कधी नव्हतंच.

"पण मला गाणी आठवतात," काका अखेर म्हणाला. थेट तिला. "आक्का, मला गाणी पाठ आहेत! मग ती कुठली?"

 आत्यानं मान वर केली आणि छताकडे बघितलं. "वकील," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावरचे."

"वकील..." काकाचाही चेहरा वर झाला. "जेवण झाल्यावर लावायचे."

"आपण पलंगावर स्टूल ठेवायचो."

"स्टुलावर तू चढायचीस. मी धरायचो."

"तुला उचलून घ्यायचे मी नंतर! मेल्या, केवढा जड होतास. तुझी टाच माझ्या बरगडीत."

"त्यांच्या तबकडीला चीर होती. पिन अडकायची बघ. तेच तेच, तेच तेच..."

"मग वकील जमिनीवर पाय आपटायचे!"

"धप्!"

"धप्! की पिन पुढे."

आणि काका गुणगुणायला लागला. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे. शब्द त्याला येत नव्हते, छतातून जेवढे गाळून खाली आले तेवढेच येत होते. दुसऱ्या ओळीला आत्याही लागली. आणि एका ठिकाणी, जिथे गाण्यात काहीएक कारण नव्हतं तिथे, दोघांनी एकाच वेळी पाय आपटला. धप्! आणि पुढची ओळ. ते गाणं त्यांना तसंच माहीत होतं. आपटल्याशिवाय त्यांच्या लेखी ते पुढेच जात नव्हतं.

खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं छत ठोकलं. त्यावर दोघं अशी हसली, अशी हसली, की काकाला खोकला लागला आणि आत्यानं उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी हळूच तोंड फिरवलं. मला वाटलं, हाच क्षण! योजनेत लिहिल्याप्रमाणे! मी गुपचूप चावी भरली, अगदी गच्च, तबकडी ठेवली, पिन टेकवली. कुणीतरी कधीच मेलेली बाई खोलीत गायला लागली. कसला तो सूर, वा!

"अरे, बंद कर ते!" आत्या ओरडली. "काय कटकट लावलीय! आम्हांला बोलायचंय!"

"एवढी वर्षं तुला सुचलं नाही, आत्ताच वाजवायचं होतं?" काका म्हणाला. "आक्का, विमानतळावर मी येणार हं पोचवायला."

"ये की. जिने नाहीत तिथे, सरकते आहेत."

मी पिन उचलली. बाई थांबली, चकती थांबेना. ब्रेक दाबला, ब्रेक लागेना! गच्च भरलेली स्प्रिंग आणि आतली झिजलेली चाकं अशी घरघरत होती, जसं कुणी पेटीत बसून घोरतंय. बोट दाबून चकती धरली तर आवाज थांबे, पण दम उतरेना. बोट काढलं की पुन्हा घर्र. आत्या आणि काका दोघं एकत्र माझ्याकडे अशी बघायला लागली, की मुकाट्यानं ती पेटी उचलली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसलो. बायकोनं मागून दार लावून घेतलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ काठी घेऊनच वर आले. भांडायलाच आले होते, पण पेटी बघून विरघळले. वाकून कातड्यावरून हात फिरवला, निकेलचा कोपरा चोळला, रीळ निरखलं.

"वा!" ते म्हणाले. "घरातला वाटतं?"

आतून पुन्हा एकदा धप् असा आवाज आला.

"हो," मी म्हणालो. "आजोबांचा."